भिंतीआडचं कॉलेज

पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ सालचं. बेल्जियममधल्या लिएज गावी १८३३ साली स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक संघाच्या नन्सनी ते काढलं. लगेच पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. मुलींच्या शिक्षणाच्या या दोन वाटा एकाच सुमाराला निघाल्या आणि आमची वाई दोन्हींच्या मध्ये होती. पाचगणीला जाणारी मंडळी तेव्हा वाठार स्टेशनला उतरून वाईवरूनच पसरणीचा घाट चढत. मुंबईच्या मुलींच्या ट्रंका आमच्या दारावरून गेल्या, पण गंगापुरीतल्या आमच्या आळीतली एकही मुलगी त्या शाळेत गेली नाही.

फी आणि इंग्रजी ही कारणं होतीच, पण खरं कारण म्हणजे भीती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर धर्मांतरावरून वादळ उठलं होतं आणि १८९५ सालीच नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. ‘मुलगी बाटेल’ हे दोन शब्द पुढे कितीतरी वर्षं पुरले. कॅथलिक कोण, प्रोटेस्टंट कोण, हा फरक आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. सगळे ‘मिशनवाले’. वाईत अमेरिकन मराठी मिशनचा दवाखाना होता. आजीची अवघड बाळंतपणं तिथेच सुखरूप झाली. त्यामुळे भीती संपली नाही, पण तिची धार मात्र गेली, असं मला वाटतं.

मी कन्याशाळेतून, म्हणजे कर्व्यांच्याच संस्थेतून, १९६८ साली अकरावीची एसएससी झाले. वाईत किसन वीर कॉलेज निघालं होतं. तरी मला मुंबईला पाठवायचं माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ठरवलं ते सोफिया कॉलेजची चौकशी केल्यावर. ते आईला म्हणाले, “तिथे सगळ्या बायकाच आहेत. कंपाउंडची भिंत आहे, आतच होस्टेल आहे आणि नन्सचं लक्ष असतं.” आईने होकार दिला तो त्या भिंतीमुळे.

ही भिंत नुसती दगडविटांची नव्हती. सोफिया १९४० साली सुरू झालं, वॉर्डन रोडवर, म्हणजे आताच्या भुलाभाई देसाई रोडवर. ते काढणारी ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’ ही फ्रान्समध्ये १८०० साली मॅडलीन सोफी बारा यांनी स्थापन केलेली. त्या एका पिंप बनवणाऱ्या कारागिराच्या कन्या. थोरल्या भावाने घरीच कडक शिस्तीत त्यांना लॅटिन शिकवलं. या संघाच्या नन्स शिकवायच्या, पण आवार सोडून बाहेर जायच्या नाहीत. संघाचा नियमच तसा होता. जगाला शिकवायचं, पण जगात मिसळायचं नाही. मुंबईच्या गजबजाटात कॉलेज चालवणाऱ्या बायकांनी आपल्या संस्थेची सुरुवातीची दोन तपं अशीच काढली.

मुंबईत मुलींना शिकायची सोय त्याआधी नव्हती असं नाही. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, ते एकोणिसाव्या शतकातच. एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्समध्ये मुली होत्या. पण मुलांच्या कॉलेजात मुलगी कशी वावरायची, ते माझ्या मावशीकडून मी ऐकलंय. तास होईपर्यंत लेडीज रूममध्ये बसायचं, सर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग आत जायचं, पहिल्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागे बाहेर पडायचं. प्रश्न विचारायची सोय नाही, कारण मागून हशा यायचा. सोफियात लेडीज रूम नव्हती. अख्खं कॉलेजच आमचं होतं. वादविवादात दोन्ही बाजूंनी मुलीच बोलायच्या, नाटकातला राजाही मुलगीच, निवडणूक लढवणारी मुलगी आणि पडणारीही मुलगीच. पडायची सवय होणं फार महत्त्वाचं असतं.

माझ्यापुढे अडचण होती ती इंग्रजीची. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतून द्यायचा आग्रह धरला, आणि तो मला आजही बरोबर वाटतो. पण सोफियात पहिले काही महिने मी वहीत सरांचं-बाईंचं बोलणं देवनागरीत उतरवून घ्यायची आणि रात्री डिक्शनरी घेऊन बसायची. जवळ बसून धडा समजावून देणाऱ्या नन मला भेटल्या, म्हणून मी टिकले. अशा वेळी माघारी गेलेल्या मुलींची नोंद कुठल्याच संस्थेच्या इतिहासात सापडत नाही.

मी गेले तेव्हा नन्सच्या नियमातला बदल ताजा होता. रोममध्ये १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. त्याच काळात, १९६४ साली, सोफियाच्या नन्सच्या संघाने आवाराबाहेर न जाण्याचा बंदिवास उठवला. मोठ्या मुली सांगायच्या की आधी शिकवणाऱ्या नन्सना ‘मदर’ म्हणायचं आणि स्वयंपाकघर, धुणं, बाग सांभाळणाऱ्यांना ‘सिस्टर’. आता सगळ्याच सिस्टर. १९७० साली, मी बी.ए.ला असताना, आवारातच सोफिया पॉलिटेक्निक सुरू झालं आणि पदवीखेरीज हाताला काम देणारे अभ्यासक्रम आले. नन्स गेटबाहेर पडू लागल्या तसं कॉलेजही बाहेर पाहू लागलं, असा माझा समज आहे.

मी पुढे वाईत इतिहास शिकवला. मुलींच्या कॉलेजचा इतिहास लिहिताना लोक प्राचार्यांची नावं देतात, इमारतींची सालं देतात. १९६४ पूर्वीच्या त्या धाकट्या मानलेल्या सिस्टर्सची नावं त्यात हवीत. चोवीस वर्षं त्यांनी चुली पेटवल्या, चादरी धुतल्या, म्हणून वरच्या मजल्यावर शेक्सपिअर शिकवता आला. कॉलेज त्यांनीही चालवलं.