ताप उतरला, मग ही गोळी कशाला?

मलेरियाचे रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, ताप तर गेला, आता प्रायमाक्विन कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात लावरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी रुग्णाचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एका गोल जंतूतून चाबकासारखे तंतू निघून वळवळत होते. हे तंतू म्हणजे नेमके काय, हे कोडे १७ वर्षे सुटले नाही. १८९७ मध्ये मॅककॅलम या तरुण संशोधकाला कावळ्याच्या रक्तात असाच एक तंतू दुसऱ्या, शांत पडलेल्या जंतूत शिरताना दिसला. तंतू हा नर होता आणि शांत जंतू ही मादी! त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात जंतू वाढताना दिसला. पुढे चित्र स्पष्ट झाले. माणसाच्या शरीरात हा जंतू नुसता विभागून वाढतो. नर-मादीचे मीलन होते ते डासाच्या पोटात.

याचा आपल्याशी काय संबंध? डासाने दोन वाणांचे जंतू एकदम शोषले, तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते. जिथे मलेरिया कमी, तिथे बहुतेकदा एकाच वाणाचे नर-मादी भेटतात. मग औषधाला दाद न देणारा वाण जसाच्या तसा पुढच्या पिढीत उतरतो.

क्लोरोक्विनचे असेच झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर फॅल्सिपेरम जंतू त्याला दाद देईनासा झाला. १९७३ मध्ये आसामात आणि १९७० चे दशक संपता संपता पूर्व आफ्रिकेत तो आढळला. आफ्रिकेतला हा वाण तिथेच उपजला होता का? नाही. २००२ मध्ये जनुकांच्या तपासणीतून दिसले, की त्याचे मूळ आशियातले होते. जंतू प्रवाशांच्या रक्तातून देश ओलांडतात!

एक दिलासाही आहे. मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विन थांबवले, आणि दशकभरात तिथला प्रतिरोधक वाण जवळजवळ नाहीसा झाला. औषधाचा मारा नसेल, तर तो साध्या जंतूपुढे मागे पडतो.

आता मूळ प्रश्न. फॅल्सिपेरम मलेरियात मुख्य औषधाने ताप आणणारे जंतू मरतात. पण चंद्रकोरीसारखे पक्व नर-मादी जंतू रक्तात उरतात. तुम्हाला त्यांचा त्रास नसतो, डासाला मात्र तेच हवे असतात. प्रायमाक्विनची एक मात्रा त्यांना मारते. म्हणजे ती गोळी तुमच्या घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी असते. व्हायव्हॅक्स मलेरियात हीच गोळी यकृतात दडलेल्या जंतूंसाठी सहसा १४ दिवस देतात, म्हणजे ताप उलटत नाही.

मात्र गरोदरपणात ती देत नाहीत, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असल्यास रक्तपेशी फुटू शकतात. म्हणून ती मनाने घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर मध्येच सोडूही नका.