वॉटर्लू रोड ते शाँझेलिझे

पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावरचं सगळ्यांत गाजलेलं गाणं मुळात लंडनच्या एका रस्त्याचं आहे. त्या रस्त्याचं नाव वॉटर्लू रोड. १८१५ साली जिथे नेपोलियनचा कायमचा निकाल लागला, त्या रणांगणाचं नाव मिरवणारा रस्ता! फ्रेंचांनी त्याच्यावरचं गाणं उचललं आणि नेऊन ठेवलं ते नेपोलियननेच बांधायला घेतलेल्या विजयकमानीच्या पायथ्याशी. एवढा हिशेब कुणी मुद्दाम केला असेल असं नाही, पण फिटला मात्र झकास.

मूळचं ‘वॉटर्लू रोड’ १९६८चं. माइक विल्श आणि माइक डीगन यांनी ते रचलं, जेसन क्रेस्टने गायलं. हे नाव एखाद्या देखण्या गायकाचं वाटतं. प्रत्यक्षात तो केंट परगण्यातल्या टनब्रिजच्या पोरांचा बँड होता. इंग्लंडमध्ये रेकॉर्ड आली तशी गेली. बँडही फार दिवस टिकला नाही.

चाल तेवढी खाडी ओलांडून गेली. साठच्या दशकात फ्रान्समध्ये हा उद्योग जोरात होता: इंग्रजी रेकॉर्डची चाल घ्यायची आणि तिच्यावर फ्रेंच शब्द बसवायचे. पिएर दलानोए या कामात मुरलेला गीतकार. एके काळी करखात्यात नोकरी केलेला हा गृहस्थ बॉब डिलनची गाणी गायक युग ओफ्रेच्या साथीने फ्रेंचमध्ये आणून मोकळा झाला होता. या गाण्यात त्याने भाषांतराच्या फंदात न पडता रस्त्याच्या जागी रस्ता ठेवला. त्या नव्या रस्त्यावर एक मोकळ्या मनाचा माणूस भटकत निघतो, अनोळखी मुलीशी बोलतो, तिच्यामागोमाग गिटारवाल्यांच्या तळघरात शिरतो आणि सकाळी दोघं प्रेमात पडून बाहेर येतात. गोष्ट म्हणावी तर एवढीच.

धृपदाच्या तोंडाशी येणारा ‘ओ’ ऐकण्यासारखा आहे. ऐकणाऱ्याला तो आनंदाचा उद्गार वाटतो. फ्रेंचमध्ये मात्र ते साधं अव्यय आहे, आपल्या ‘रस्त्यावर’मधल्या ‘वर’सारखं, लिहायला तीन अक्षरं, उच्चाराला नुसता ‘ओ’. फ्रेंच न येणारा माणूस तो उद्गार समजूनच गळा मोकळा करतो, आणि गाण्याचं काही बिघडत नाही. जपानमध्ये तर गाण्याचं नावच ‘ओ शाँझेलिझे’ असं रुळलं.

१९६९ साली हे गाणं ज्याच्या आवाजात घुमलं तो जो दासँ तरी कुठे पॅरिसचा? जन्म १९३८चा, न्यूयॉर्कमधला. वडील झ्यूल दासँ हॉलिवूडचे दिग्दर्शक. कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत गेले, काम मिळेना, तेव्हा कुटुंब युरोपात आलं. पुढे जो शिकायला पुन्हा अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात गेला आणि तिथे मानववंशशास्त्र शिकला. लंडनची चाल, पॅरिसचे शब्द आणि गळा अमेरिकन! हेच गाणं तो पुढे जर्मन आणि इटालियनमध्येही गायला. १९७५मध्ये त्याचं ‘लेते अँदियाँ’ गाजलं. तीही चाल उसनीच, इटलीच्या टोटो कुटुन्योची.

शाँझेलिझेची लांबी जेमतेम दोन किलोमीटर. गाण्यात तिची दोन टोकं आहेत, एतवाल आणि काँकॉर्द. त्यांतल्या एतवाल चौकाला १९७०मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष द गोल यांचं नाव दिलं गेलं, गाणं येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. गाणाऱ्यांनी अर्थातच एतवाल सोडलं नाही.

१९८०च्या ऑगस्टमध्ये ताहिती बेटावर जो दासँ गेला, वयाच्या ४१व्या वर्षी. त्याचा आवाज २००७ साली पुन्हा चित्रपटगृहांत घुमला, तो वेस अँडरसनच्या ‘द दार्जिलिंग लिमिटेड’मुळे. तीन अमेरिकन भावांचा राजस्थानातला आगगाडीचा प्रवास संपतो, श्रेयनामावली सरकू लागते आणि त्या भारतीय गाडीसोबत सुरू होतं ते शाँझेलिझेचं गाणं.