धरमतरमधली 'तर'

दिवसभर कोडमध्ये जर-तर लिहिणं हेच माझं काम. त्यामुळे 'तर' म्हटलं की मला पुढची अट आठवते. आजीला होडी आठवायची.

"आम्ही तरीत बसून पलीकडं जायचो," ती पेणच्या घरी सांगायची. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. "मिसळीच्या तरीत?" म्हणून हसलो. तीही हसली. पण पलीकडं म्हणजे कुठे, कुणाकडे, हे मी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही.

शब्द तेवढा राहिलाय. संस्कृतात 'तॄ' म्हणजे पार जाणं. त्यावरून 'तर' किंवा 'तरी', म्हणजे माणसांना पाण्यापार नेणारी होडी. तरणं, तारणं, तारू, उतार हे सगळे याच घरातले. तीर्थसुद्धा, मुळात तीर्थ म्हणजे नदी ओलांडायची जागा. जर-तरमधला 'तर' मात्र वेगळा, तो 'तर्हि'वरून आला.

पेणहून अलिबागला निघालं की वडखळनंतर पूल लागतो. खाली धरमतरची खाडी. रोहा तालुक्यातल्या नागोठण्यावरून आलेली आंबा नदी इथे रुंद होत समुद्राकडे जाते. या पुलावरून मी कितीदा गेलो असेन, पण नावाची फोड कधी केली नव्हती. धरम अधिक तर. धर्मशाळा तशी धर्मतर, भाडं न घेता पार नेणारी.

ही फोड मला पटली ती नाशिकमुळे. पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, साधारण 1900 वर्षांपूर्वीचा. त्याच्या दानांच्या यादीत गाई आहेत, गावं आहेत आणि फुकट होड्याही आहेत. तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा 6 नद्यांवर त्यानं त्या ठेवल्या. दोन्ही काठांवर निवारे आणि पाणपोयाही केल्या. या होड्यांच्या सोयीसाठी लेखात शब्द आहे 'पुण्यतर'.

पुण्यतर आणि धरमतर. शब्द दोन, कल्पना एकच: खिशात पैसे नाहीत म्हणून कुणी अलीकडच्या काठावर अडकून राहू नये. राजाच्या जावयानं ती दगडात कोरून घेतली. आमच्या खाडीवर ती नुसत्या नावात टिकली, आणि आजीच्या बोलण्यात.

गेल्या महिन्यात पूल ओलांडताना भाचीनं विचारलं, "मामा, धरमतर म्हणजे काय रे?" मी गाडी हळू केली आणि आजीच्या तरीपासून सुरुवात केली.