बांधकाम व्यवसायातील हाताच्या दुखापती

बांधकामाच्या जागी बोटे, तळहात व मनगट यांना होणाऱ्या जखमा, चेंगरणे, भाजणे, बोट तुटणे आणि वर्षानुवर्षांच्या कामाने जडणारे हातांचे विकार यांचा या संज्ञेत समावेश होतो. गवंडी, बिगारी, सुतार, सेंटरिंगवाले, सळईकाम करणारे फिटर, फरशीवाले, वेल्डर अशा सर्वांनाच त्यांचा धोका असतो. वरून लहान दिसणाऱ्या जखमेतही कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते. अशी जखम ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली, तर पकड कायमची जाते आणि तिच्याबरोबर रोजगारही जातो.

कारणे : फरशी कापण्याच्या चार इंची ग्राइंडरचे पाते मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. गार्ड काढून त्यावर मोठे पाते चढवले, तर ते या वेगाला टिकत नाही व फुटते. लाकडाचे दातेरी पाते लावले, तर ते लाकडात अडकून यंत्र कारागिराच्या अंगावर उसळते. फिटर सळ्यांच्या प्रत्येक जोडावर बाइंडिंग तार गुंडाळून आकड्याने पिळतो. तारेची टोके त्याच्या बोटांत घुसतात आणि दिवसभर तोच पीळ दिल्याने मनगट दुखावते. सेंटरिंगच्या प्लेटा उतरवताना किंवा सळ्यांचे बंडल खाली घेताना बोटे चेंगरतात.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते (पीएच १२ ते १३). सुरुवातीला वेदना होत नाहीत, त्यामुळे त्वचा खोलवर भाजेपर्यंत कामगाराला कळतही नाही. सिमेंटमधील क्रोमियममुळे काहींच्या हाताला कायमची ॲलर्जी जडते व खाज, भेगा मागे लागतात. ब्रेकर, ड्रिल यांच्या कंपनाने बोटांतील रक्तवाहिन्या व नसा बिघडतात आणि थंडीत बोटे पांढरी पडून बधिर होतात. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात पाथरवटांच्या हातांत हा विकार नोंदवला होता.

प्रथमोपचार : जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. सूज चढण्याआधी अंगठी काढावी. हळद, कॉफी किंवा चहापूड भरू नये; त्याने जखम दूषित होते. सिमेंट लागलेला हात भरपूर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नये. जपानमधील नारा येथे १९६५ मध्ये कोमात्सु व तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मशस्त्रक्रियेने जोडला. तेव्हापासून अशी बोटे वाचू लागली. मात्र रुग्णालय वेळेत गाठावे लागते.

प्रतिबंध : यंत्राचा गार्ड काढू नये व पाते बदलण्यापूर्वी वीजजोडणी काढावी. ओल्या सिमेंटसाठी रबरी किंवा नायट्राइलचे, तर सळई-पत्र्यासाठी न कापले जाणारे हातमोजे वापरावेत. फिरत्या पात्याजवळ सैल हातमोजा घालू नये. पात्यात अडकून तो हातालाही आत ओढतो.

नुकसानभरपाई : १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अवयवानुसार कमाईच्या क्षमतेतील घट ठरवलेली होती : अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चार बोटे गेल्यास ५०, दोन्ही हात गेल्यास १०० टक्के. कारागिराचा हात मात्र केवळ तक्त्याने मोजता येत नाही. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना पडून डावा हात गमावलेल्या सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सुतारकाम एका हाताने होत नाही हे मान्य केले आणि त्याचे अपंगत्व पूर्ण ठरवले. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाचीही जबाबदारी राहते. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून दुखापत लहान वाटली, तरी तिची नोंद त्याच दिवशी साइटवरील नोंदवहीत करून घ्यावी आणि उपचाराची कागदपत्रे जपून ठेवावीत.