ट्रॉलीबसची तार आणि बॅटरीचं बिल

परवा पेणच्या रामवाडी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. शेजारी कॉलेजची दोन पोरं बोलत होती. एक म्हणाला, "इलेक्ट्रिक बस आली की डिझेलचा खर्चच मिटला." दुसरा म्हणाला, "अरे, पण ती बस केवढ्याला पडते!" दोघांचंही खरं होतं. आणि गंमत म्हणजे हा वाद जुनाच आहे.

मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. ती स्वस्तात माणसं न्यायची, पण रूळ आणि तारा कायम सांभाळाव्या लागायच्या. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली. त्याआधी, १९६२ मध्ये, बेस्टने ट्रॉलीबस आणली होती. रबरी चाकं, पण डोक्यावर विजेची तार. म्हणजे रूळ गेले, तार राहिली. रस्ता खोदला की बसला वळसा घ्यायची सोय नाही. वारंवार बिघाड होत राहिले आणि १९७१ मध्ये ती बंद झाली.

आजची बस काय करते? ती तार गुंडाळून बॅटरीत भरून सोबत घेऊन फिरते. पुण्यात पीएमपीच्या पहिल्या इलेक्ट्रिक बस २०१९ मध्ये आल्या. एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली होती, आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर 'शिवाई' ही तिची पहिली इलेक्ट्रिक बस निघाली.

आता हिशोब करू. आकडे सोयीसाठी धरलेत. डिझेल बस लिटरला ४ किलोमीटर जाते, डिझेल ९० रुपये. म्हणजे किलोमीटरला साडेबावीस. इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला १.३ युनिट लागतात, युनिट ८ रुपये. म्हणजे साधारण साडेदहा. फरक १२ रुपयांचा. बस दिवसाला २०० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस धावली तर वर्षाला ७ लाख २० हजार वाचतात. १२ वर्षांत ८६ लाखांच्या वर.

पण थांबा! त्यातून बसची जादा किंमत, कर्जाचं व्याज, चार्जर, ट्रान्सफॉर्मर आणि मधेच बदलावी लागली तर बॅटरी, हे सगळं वजा करा. आणि तीच बस दिवसाला १०० किलोमीटरच धावली तर? बचत निम्मी, खर्च जवळपास तेवढाच. म्हणून ही बस उभी ठेवणं परवडत नाही.

चार्जिंगचंही तसंच. २० बसना प्रत्येकी ३०० युनिट भरायचे आहेत. रात्री सहा तासांत सावकाश भरले तर हजार किलोवॉट पुरतात. सगळ्यांना एका तासात भरायचं म्हटलं तर सहा हजार लागतात. वीज तेवढीच, पण जोडणी सहापट मोठी, आणि मंजूर भाराचा आकार दर महिन्याच्या बिलात येतो.

आता आपल्या रायगडकडे या. मुंबईला वीज पुरवणारी टाटांची जुनी जलविद्युत केंद्रं, खोपोली (१९१५), भिवपुरी आणि भिरा (१९२७), तिन्ही आपल्याच जिल्ह्यात. भिऱ्याला पाणी येतं मुळशी धरणातून, आणि वीज करून झाली की तेच पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे जातं. त्या धरणाखाली गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण तरी झालंच. विजेच्या दरात त्या बुडालेल्या भातखाचरांची किंमत कधी धरली गेली नाही.

म्हणून मला भीती वाटते ती वेगळी. इलेक्ट्रिक बसला जास्त किलोमीटर हवेत, म्हणून ती आधी मोठ्या मार्गांवर जाईल. हिशोब तसाच सांगतो. मग रामवाडीतून आतल्या वाड्यांकडे जाणारी कमी पल्ल्याची फेरी? तिच्या वाट्याला जुनी डिझेल गाडी येईल, किंवा फेरीच बंद होईल. 'परवडत नाही' हे कोणी म्हटलं की एवढंच विचारा: कोणाला परवडत नाही, आणि हिशोबात कोणाला धरलं नाही?

तुमच्या गावची फेरी किती वाजता सुटते, सांगा बरं. भेटू पुढच्या भागात!