शेजारधर्माची नोंद

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या देशांत ज्यू कुटुंबांना माळ्यावर, तळघरात दडवून ठेवणारी सामान्य माणसे होती. १९४३ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांवर ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोहोचविले. १९६३ पासून जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था अशा माणसांची नावे शोधून त्यांचा गौरव करीत आली आहे. प्रसंग निराळा, त्याचे परिमाणही निराळे; तथापि जिवाच्या भीतीने आलेल्या शेजाऱ्याला घरात घ्यावे की दार लावून घ्यावे, हा प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्यापुढेही एकदा उभा राहिला होता.

१९४८ साली हा जिल्हा उस्मानाबाद या नावाने निजामाच्या राज्यात होता व लातूरही त्यातच मोडत असे. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. रझाकारांच्या लुटीने, जाळपोळीने व हत्यांनी खेडी त्रासून गेली. कित्येक हिंदू कुटुंबांनी सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आसरा घेतला. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने आत शिरली आणि त्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आले. १७ तारखेला निजामाने हार पत्करली. लोकांना झालेला आनंद यथार्थच होता.

परंतु पाठोपाठ सूडाची लाट उसळली. रझाकार कोण आणि निरपराध मुसलमान कोण, हे तिने पाहिले नाही. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्या प्रदेशात फिरून १०९ गावांतील पाचशेंहून अधिक लोकांना विचारले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत मिळून निदान १८ हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

त्याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे. बाधित प्रदेशात अनेक हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले, प्रसंगी स्वतःचे प्राण देऊनही. पळवून नेलेल्या स्त्रियांना सोडविण्यासही कित्येकांनी साहाय्य केले. विशेष म्हणजे ही आपुलकी एकाच धंद्यातील लोकांत अधिक दिसली. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आपल्याच धर्मबांधवांच्या आड उभे राहिले.

ह्यात नवल ते काय? ज्याच्याबरोबर सुताचा भाव, सावकाराचे देणे आणि मंदीचे दिवस वाटून घेतले, त्याला केवळ 'मुसलमान' या एका शब्दात कोंबणे विणकराला जमले नसावे. जमावाला शेजारी दिसत नाही, केवळ जात दिसते. कामकऱ्याला माणूस दिसतो.

मात्र अहवालाच्या त्या ओळींत ह्या रक्षणकर्त्यांपैकी कोणाचेही नाव नाही. रझवीचे नाव इतिहासात राहिले. ज्यांनी दार उघडले ते अनामिक राहिले. त्या दिवसांची स्मृती ज्या घरांत उरली असेल, तेथे ती वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घेतली पाहिजे. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ह्या माणसांचे पान घातल्याने त्या संग्रामाची थोरवी उणी होणार नाही, उलट वाढेल.