द्रवनायट्रोजन भरणयंत्र, लघु

साठवण टाकीतला द्रवरूप नायट्रोजन लहान भांड्यांत मोजून भरण्यासाठी वापरले जाणारे, एका माणसाला हलवता व चालवता येईल अशा आकाराचे उपकरण. भरणाच्या दृष्टीने द्रवीकृत वायूंचे दोन वर्ग पडतात. स्वयंपाकाचा गॅस किंवा कार्बन डाय-ऑक्साइड नेहमीच्या तापमानाला दाबाखाली द्रवरूपात राहतो व बंद सिलिंडरमध्ये भरला जातो; नायट्रोजनाचा द्रव मात्र अतिशीत अवस्थेतच टिकतो आणि बहुधा सैल बुचाच्या भांड्यात सोडला जातो. पहिल्या वर्गात यंत्रापुढचा मुख्य प्रश्न दाब सांभाळण्याचा असतो, तर दुसऱ्यात उष्णता बाहेर ठेवण्याचा. प्रस्तुत नोंद दुसऱ्या वर्गापुरती आहे.

क्रॅकोव येथे १८८३ साली व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी ऑक्सिजन व नायट्रोजन द्रवरूपात मिळवले. असे द्रव टिकवायचे कसे, याचे उत्तर जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतींच्या निर्वात भांड्याने दिले, आणि आजचे यंत्रही त्याच तत्त्वावर उभे आहे. वातावरणीय दाबाला नायट्रोजनाचा उकळबिंदू उणे १९५.८° से. असून एक लिटर द्रवाचे वजन सुमारे ०.८१ किलो भरते. एक किलो द्रवाची वाफ होण्यास सुमारे १९९ किलोजूल उष्णता पुरते, म्हणजे पाण्याला लागणाऱ्या उष्णतेच्या अकराव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे खोलीच्या तापमानाची नळी, झडप किंवा तोटी यांपैकी जे जे द्रवाच्या वाटेत येते, ते त्याचा काही भाग गिळतेच.

यंत्र आटोपशीर असावे असा आग्रह जागेच्या सोयीपेक्षा या कारणासाठी धरला जातो. अगंज पोलादाचा एक किलो भाग खोलीच्या तापमानापासून द्रवाच्या तापमानापर्यंत थंड करायचा, तर केवळ सुप्त उष्णतेचा हिशेब धरता सुमारे अर्धा लिटर द्रव उडून जातो. चार किलोंची नळी व झडप वापरून दहा लिटरचे भांडे भरल्यास, पहिल्या भरणीत दोन लिटरपर्यंत द्रव यंत्रच खाऊन टाकते. निघणारी थंड वाफ थेट बाहेर न सोडता पुढच्या भागावरून खेळवली, तर हे नुकसान बरेच घटते. म्हणून नळीची लांबी कमी, भिंत दाबाला पुरेल तेवढीच जाड व झडप टाकीलगत, असा आराखडा पसंत केला जातो. जाडजूड, ‘मजबूत’ दिसणारे यंत्र येथे बहुधा वाईट यंत्र असते. भांडी एकामागून एक भरावीत, मध्ये यंत्र तापू देऊ नये, ही कामाची पद्धतही याच हिशेबातून आली आहे.

दुसरे नुकसान दाबामुळे होते. निरपेक्ष ३ बार दाबाखाली संपृक्त, म्हणजे त्या दाबाला उकळण्याच्या बेतात असलेला, द्रव एकदम वातावरणीय दाबाला आला की त्याचा सुमारे दशांश भाग तत्क्षणी वाफ होतो आणि तोटीतून द्रवाऐवजी फुसफुसणारे मिश्रण बाहेर पडते. यासाठी तोटीच्या टोकाला सच्छिद्र धातूचा विलगक बसवतात. त्यात वाफ बाजूने निसटते व द्रव शांतपणे खाली ठिबकतो. विलगकाने शिंतोडे थांबतात, पण उडालेला दशांश परत मिळत नाही. तो वाचवायचा तर टाकीचाच दाब कमी ठेवावा लागतो.

नळी दुहेरी घेऊन मधली पोकळी निर्वात करतात आणि तिच्यात परावर्तक पत्र्यांचे अनेक थर गुंडाळतात. आतली नळी थंड होताना मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आखडते, बाहेरची आखडत नाही. हा फरक सामावून घेण्यासाठी घड्यांची लवचिक नळी जोडतात. साधे कार्बन पोलाद या तापमानाला ठिसूळ होत असल्याने वर्ज्य मानतात. दोन बंद झडपांमध्ये द्रव अडकून तापला, तर वाफेचा दाब नळी फोडू शकतो. म्हणून अशा प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र सुरक्षा-झडप लागते, आणि यंत्र कितीही लहान करायचे असले तरी येथे काटकसर चालत नाही. निर्वात आवरण नसलेल्या उघड्या नळीवर हवाच द्रवरूप होते. तो द्रव ऑक्सिजनयुक्त असल्याने तेलकट पृष्ठभागावर ठिबकल्यास आगीला निमित्त मिळते.

भरण कोठे थांबवायचे हे सहसा वजनाने ठरवतात. ३५ लिटरच्या भांड्यात सुमारे २८ किलो द्रव मावतो. वजनकाट्याची अडचण अशी, की थंडीने ताठ झालेली नळी भांड्याला ढकलते किंवा उचलते, आणि वर साठणारे हिमही वजनात धरले जाते. गळ्याशी तापमान-संवेदक बसवण्याचा पर्याय स्वस्त पडतो, पण शिंतोडा उडाला की तो भांडे भरल्याचा खोटा संकेत देतो. हाती कोणतेच साधन नसल्यास भांड्यात पट्टी बुडवून बाहेर काढतात व हवेत हलवतात. जेथपर्यंत हिमाचा पांढरा थर चढतो, तेथपर्यंत द्रव असतो.

खोलीच्या तापमानाला एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. म्हणजे ५० लिटर द्रव सांडल्यास सुमारे ३५ घनमीटर वायू तयार होऊन लहान खोलीतील बरीचशी हवा बाहेर लोटली जाते. नायट्रोजनाला वास नसल्याने माणसाला धोक्याची जाणीव होत नाही, म्हणून ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली जाताच वाजणारी धोक्याची घंटा यंत्रासोबत असावी असे मानतात.

महाराष्ट्रात या यंत्राचा संबंध प्रामुख्याने पशुपैदाशीशी आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’च्या कृत्रिम रेतनाच्या कामात गोठवलेल्या रेतमात्रा द्रवनायट्रोजनात ठेवल्या जातात, आणि गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञाचे लहान भांडे ठराविक मुदतीने पुन्हा भरावे लागते. अशी भांडी नाशिक येथेही तयार होतात. दाबाखालील टाक्या व सिलिंडर यांवर नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे नियंत्रण असते. सैल बुचाच्या भांड्यात दाब साठत नाही, मात्र त्यासाठी बूच सैलच राहायला हवे. वाफ कमी उडावी म्हणून ते घट्ट बसवल्यास भांडे फुटू शकते.